कुत्र्यांसाठी मांडलेलं पान

बेंबळी, सोमवार, २८ ऑगस्ट १९६१

आले एकदाची! एस.टी.नं हाडं खिळखिळी केली, ट्रंकेची कडी तुटली, उतरताना पाय घोट्यापर्यंत चिखलात गेला, आणि तरीही आज मला कुणाचाही राग आला नाही. माझ्या बाबतीत ही लिहून ठेवण्यासारखी गोष्ट आहे, म्हणून नव्या रोजनिशीचा मुहूर्त तिनंच करते.

खोली पसंत पडली. किराणा दुकानवाले कल्याणप्पा यांच्या घराच्या मागच्या अंगाला आहे, पण दार वेगळं. बाहेरची एक, आतली एक, पुढं ओटा, ओट्यापुढं शेणानं सारवलेलं अंगण आणि भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण. कल्याणप्पांनी किल्ली दिली, विहीर दाखवली, काही लागलं तर सांगा म्हणाले आणि दुकानात निघून गेले. असा घरमालक देवानं सगळ्यांना द्यावा.

कुंपणापलीकडं धुरपदाबाई राहतात. पन्नाशीच्या, अंगानं दणकट, मूलबाळ नाही. नवरा उत्तरेश्वर दिवस उजाडल्यापासून रानात असतो. मी ट्रंक उघडायच्या आत त्या ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन हजर झाल्या. पहिलाच प्रश्न नेमका तो विचारला, मालक कुठं असत्यात म्हणून. लोहाऱ्याला असतात आणि तिथंच असोत, असं मी सांगितलं. त्या आधी दचकल्या, मग इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. आमचं जमणार.

उद्या शाळा. मारुतीच्या देवळामागं दोन खोल्यांत भरते. मास्तरीण नव्हती म्हणून पाऊसकाळ लागल्यापासून बंदच होती म्हणे. मुली कशा आहेत कोण जाणे. मी कशी आहे ते त्यांना उद्या कळेलच.

रविवार, ३ सप्टेंबर

मुली गुणी आहेत आणि लबाडही आहेत. दोन्ही मला चालतं. पण सुट्टीचा दिवस खायला उठतो. आज अंगणात बसून शेजारच्या पोरीची वेणी घालून दिली आणि मग आत जाऊन पोटभर रडले. शारदाचे केस असेच जाड आहेत.

शारदा माझी मुलगी, सात वर्षांची. ती लोहाऱ्याला वडिलांकडे आहे; म्हणजे आजीकडे, कारण वसंतरावांना स्वतःचं असं मत नाही. गेल्या उन्हाळ्यात सासूबाईंनी मला घराबाहेर काढलं. गुन्हा काय, तर मी उलट बोलते. बोलते, हे खरंच आहे. पोर तापानं फणफणलेली, पाणी पाणी करत होती, आणि बाई सोवळ्यात होत्या म्हणून माठाला कुणी हात लावायचा नव्हता. मी पाणी दिलं आणि वर चार शब्दही ऐकवले. संध्याकाळी माझी ट्रंक दाराबाहेर होती. वसंतराव शेजारी उभे राहून कंदिलाची काच पुसत होते. शारदा खिडकीचे गज धरून मला हाका मारत होती, आणि तिच्या तोंडावर आजीनं हात दाबून धरला होता.

तो हात मी विसरलेले नाही. पुढं वसंतरावांची लोहाऱ्याच्या कचेरीत बदली झाली. दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा दार उघडलं नाही. पण मी काहीच विसरत नाही आणि मला घाई नाही. आज ना उद्या पोर माझ्याजवळ असेल.

गुरुवार, १४ सप्टेंबर

गावात चार दिवस धुमाकूळ. पिसाळलेल्या कुत्र्यानं दोन बैलांना चावा घेतला. मग गावच्या कारभाऱ्यांनी ठरवून भाकरीत विष कालवलं आणि वेशीपासून ओढ्यापर्यंत टाकलं. सकाळी शाळेत जाताना रस्त्यावर जागोजाग कुत्री पडलेली, पाय ताठ. मुली डोळे मिटून, एकमेकींचे पदर धरून चालत होत्या. मी तोंड उघडून बोलायला लागले तर कल्याणप्पांनी हळूच सांगितलं, बाई, तुम्ही नव्या आहात.

संध्याकाळी बब्रुवान दारात. हा गावचा कोतवाल, दवंडी देणारा, मेलेली कुत्री ओढ्यापलीकडं ओढून नेणारा. त्याच्या मागं दोन कुत्री उभी होती, दोरी नाही, काही नाही. एक सगळं काळं, एक कबरं. दोघांनीही विष खाल्लेलं त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. मसणवट्याच्या कडेला बसून खाल्लं आणि तिथंच बसून राहिली, मेली नाहीत. गावानं त्याला सांगितलंय की ही दोन काठीनं मार.

“इख पचवून बसल्यात, त्यांच्यावर काठी कशी उचलू? बाई, दिवाळीपातूर ठिवा. गावाचा राग निवला की म्या नेतो. लई गुणाची हायती.”

मास्तरणीच्या अंगणात शिरून कुणी कुत्रं मारणार नाही, असा त्याचा हिशेब. मी विचार करून सांगते म्हटलं. कुत्री कुंपणाबाहेर बसली आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं. भुंकली नाहीत.

शनिवार, १६ सप्टेंबर

दोन दिवस हाच घोळ. ठेवावीत की ठेवू नयेत?

मला कुत्री आवडत नाहीत. तुळजापूरला माहेरी वडील भिक्षुकी करायचे. आमच्याकडं कुत्रं ओट्यावर चढलं तरी ओटा धुवायचे. शिवाय त्यांना घालायचं काय, माझ्या एकटीच्या स्वयंपाकात उरतं काय, शाळेत गेल्यावर बघणार कोण. गावाशी पहिल्याच महिन्यात वाकडं घ्यायचं, तेही दोन परक्या कुत्र्यांपायी? धुरपदाबाई तर स्पष्टच नको म्हणतात. त्यांच्या कोंबड्या त्या कुत्र्यांपुढून जात नाहीत, लांबचा वळसा घालतात. “आज चार दिस म्हन्ता, उद्या गळ्यात पडत्यात बघा. धरणं सोपं असतंय, सोडणं न्हाय.”

सगळं पटतं. पण दारातून हाकललेल्या जिवाला पुन्हा दारातूनच हाकलायचं, हे माझ्या हातून व्हायचं नाही.

रविवार, १७ सप्टेंबर

ठेवली. खरं कारण लिहूनच टाकते. सकाळी भाकरी थापताना आठवलं की सासूबाईंना कुत्र्याची सावली चालत नाही. लांबून दिसलं तरी लुगडं आवरून किंचाळतात. मला एकदम हसू आलं. म्हटलं, बाईसाहेब, तुमच्या सुनेनं एक नाही, दोन पाळली.

बब्रुवानानं पाया पडायचंच बाकी ठेवलं.

रविवार, २४ सप्टेंबर

तक्रारीला जागा नाही. दिवसभर अंगणात, मी निघाले की शाळेच्या कोपऱ्यापर्यंत सोबत, मग परत. हाक मारली की थांबतात. कुणावर गुरगुरत नाहीत. गावातले लोक आता दुरून जातात, ते एक बरंच झालं.

चमत्कारिक एवढंच की खात नाहीत. भाकरी टाकली की हुंगतात आणि माझ्याकडं पाहतात. दूध टाकलं, भात टाकला, तेच. कुठं तरी खात असतील, कारण रोडावत नाहीत. आज संध्याकाळी मी त्यांच्याशी बोलत बसले होते. शारदाचं, त्या खिडकीचं, त्या हाताचं सांगितलं. ऐकणारं कुणी असलं की बरं वाटतं. कबऱ्यानं माझ्या पायावर हनुवटी ठेवली.

बुधवार, ४ ऑक्टोबर

आज अक्षर वेडंवाकडं येणार.

लोहाऱ्याच्या गाडीवर अण्णाराव कंडक्टर असतो. त्याची बहीण वसंतरावांच्या शेजारी राहते. गाडी थांबली की तो मला शारदाची खुशाली सांगतो. आज तो उतरलाच नाही. मीच खिडकीशी गेले तेव्हा मान खाली घालून बोलला. काल अविधवा नवमी होती, सवाष्णपणी गेलेल्या बायकांच्या श्राद्धाची तिथी. काटीकरांकडं, माझ्या सासरी, श्राद्ध झालं. माझं.

लोहाऱ्यात मला कुणी ओळखत नाही. सून तापानं गेली असं सासूबाईंनी आल्या दिवसापासून सांगितलं होतं. काल ब्राह्मण बोलावला, सवाष्ण जेवू घातली, पिंड ठेवला. वसंतराव पाटावर बसले होते. शारदाला शेजारी बसवून नमस्कार करायला लावला. ती आई येईल म्हणून दाराकडं बघत होती, तर आजीनं सांगितलं की आई आता कावळ्याच्या रूपानं येते.

मी सबंध दिवस वर्ग घेतला. पाढे म्हणून घेतले. घरी येऊन उशीत तोंड खुपसून ओरडले. मी मेले काय? बरं. आता मेलेलं माणूस काय करू शकतं ते बघा.

सोमवार, ९ ऑक्टोबर, सर्वपित्री अमावास्या

केलं. जे करायचं ते केलं आणि मला पश्चात्ताप नाही.

बायकांनी श्राद्ध करू नये म्हणतात. पण स्वयंपाक जन्मभर आम्हीच करतो आणि मंत्र कानांवर पडून पाठ होतात. श्राद्धाच्या दिवशी कावळ्याचं, गाईचं जसं पान असतं, तसं कुत्र्यांचंही असतं. वडील ते पान मांडताना म्हणायचे की यमाच्या घरची दोन कुत्री आहेत, एक काळं आणि एक कबरं. त्यांना हा घास, त्यांनी कुणाला इजा करू नये. लहानपणी मला त्या दोघांची भीती वाटायची.

शाळेला सुट्टी होती. भात केला, तीळ घातले, तूप घातलं. बारा वाजता अंगणात दक्षिणेकडं तोंड करून पळसाचं पान मांडलं. काळं आणि कबरं, दोघं आपण होऊन समोर येऊन बसली. मी गोत्र उच्चारलं. काटीकरांचं कुळ म्हटलं. सासूबाईंचं नाव घेतलं, वसंतरावांचं नाव घेतलं. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांचं नाव मोठ्यांदा, मोकळ्या तोंडानं घेतलं. त्यांनी जिवंत माणसाचं श्राद्ध केलं, मीही जिवंतांचंच केलं. आणि म्हटलं, या कुळातलं कुणी मागं ठेवू नका. इजा करू नये, एवढे शब्द मुद्दाम गाळले.

दोघांनी भात खाल्ला. पहिल्यांदाच. पान चाटून कोरडं केलं. मग उठली आणि कुंपणाच्या फटीतून लोहाऱ्याच्या रस्त्याला लागली. मागं वळून पाहिलं नाही.

मी आंघोळ केली आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या. कितीतरी दिवसांत एवढी भूक लागली नव्हती.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

कुत्री आज परत आली. अंगावर धूळ, कुसळं. पाण्याच्या डोणीला तोंडसुद्धा न लावता झोपली.

त्यांच्या मागोमाग बातमी. सासूबाई गेल्या.

अण्णारावनं बहिणीकडून ऐकलेलं सांगितलं. मंगळवारी दुपारी त्या ओरडायला लागल्या की भिंतीपाशी दोन कुत्री बसलीत, हाकला. कुणाला काही दिसेना. बुधवारी दुपारी म्हणाल्या, तुळशीपाशी आली. काल म्हणाल्या, चुलीच्या खोलीच्या दारात आहेत. सोवळ्यानं आत कोंडून घेतलं. दार फोडलं तेव्हा पडलेल्या होत्या, तोंडावर हात घट्ट दाबलेला, आणि त्या हातावर दातांचे वण होते.

मी अण्णारावसमोर हळहळले. घरी आले, दार लावलं आणि हसले. तोंडावर हात! तोच हात! कबऱ्याच्या डोक्यावरून कितीतरी वेळ हात फिरवला.

सोमवार, १६ ऑक्टोबर

आज दुपारी दोघं पुन्हा उठली. अंग झाडलं. फटीपाशी जाऊन उभी राहिली आणि या वेळी मात्र मागं वळून माझ्याकडं पाहिलं.

हाक मारली असती तर थांबली असती. धुरपदाबाई कुंपणापलीकडून बघत होत्या. “बोलवा की ओ त्यास्नी,” असं त्या दोनदा म्हणाल्या. मी कंदील आणला आणि काच पुसत बसले.

शुक्रवार, २० ऑक्टोबर

वसंतराव गेले. काल दुपारी. त्यांनाही कुत्री दिसायची, आधी कचेरीच्या फाटकाशी, मग व्हरांड्यात, मग टेबलाजवळ. पळत सुटले ते ज्वारीच्या रानात. तिथं सापडले.

अण्णारावनं विचारलं, येता का. मेलेल्या बाईनं नवऱ्याच्या दहनाला जायचं कसं? मी म्हटलं, मला फक्त माझी पोर आणून दे.

मन निवलं. खोटं कशाला लिहू? रडू आलं तेही आनंदाचंच होतं. कंदिलाची काच पुसत उभा राहणारा माणूस, त्याच्यासाठी याहून जास्त पाणी माझ्या डोळ्यांत नाही. धुरपदाबाईंना सगळं सांगून टाकलं, त्या पानासकट. ऐकता ऐकता त्या उठून गेल्या.

रविवार, २२ ऑक्टोबर

शारदा आली!

अण्णारावचं बोट धरून उतरली. उंच झाली आहे, वाळली आहे, पुढचे दोन दात पडलेत. मी जवळ घ्यायला गेले तर मागं सरकली. मग हळूच माझ्या हाताला बोट लावून बघितलं आणि विचारलं, तू भूत आहेस का? मी म्हटलं, चिमटा काढून बघ. तिनं काढला, चांगला जोरात. मी ओरडले तेव्हा कुठं हसली. आई म्हणाली नाही अजून. म्हणेल.

भात, वरण, तूप, वर गुळाचा खडा. माझ्या मांडीवर झोपली आहे.

कुत्री दुपारीच परत आली. आत आली नाहीत, कुंपणाबाहेर बसली आहेत. शेपटी हलवली नाही. माझ्याकडं बघत नाहीत. शारदाकडं बघतात. नवी आहे, म्हणून असेल.

सोमवार, २३ ऑक्टोबर

दुपारी आम्ही दोघी शाळेतून आलो तर दोघं अंगणात, तुळशीपाशी. शारदा जिकडं जाईल तिकडं दोन माना वळतात. मी हाक मारली. कान हलला, मान नाही.

भांडी घासता घासता माझे हात थांबले. लोहाऱ्याला आधी भिंत. मग तुळस.

काटीकरांच्या कुळात माणसं होतीच किती? मी म्हटलं होतं, कुणी मागं ठेवू नका. पोर बापाच्या कुळाची असते. हे सात वर्षांच्या मुलीलाही माहीत असतं. मला माहीत नव्हतं? रागाच्या भरात मी मोजलं दोघांना आणि बोलले सगळ्यांना.

मंगळवार, २४ ऑक्टोबर

पहाटेच बब्रुवानाला उठवलं. म्हटलं, ने तुझी कुत्री. त्यानं दोघांना बैलगाडीत बांधलं, माकणीच्या वाटेला लागला. दुपारी बारा वाजता ती ओट्याच्या पायरीवर बसलेली होती. गळ्यात तुटलेला दोर. बब्रुवान रात्री परतला. त्याच्या गाडीतून ती कधी गेली ते त्याला कळलंच नाही.

भात मांडला. तेच पान, तीळ, तूप. या वेळी गाळलेले शब्द म्हटले, दहादा म्हटले, डोकं टेकून म्हटले. इजा करू नये, इजा करू नये. हुंगलंसुद्धा नाही. जेवण झालंय त्यांचं.

आज शारदानं मला आई म्हटलं. परकराची नाडी बांधून घ्यायला आली आणि सहज म्हणाली. ज्या शब्दासाठी एवढं केलं, तो ऐकला आणि नाडीला गाठ मारून तिला घाईनं आत ढकललं. कुत्री ओट्यावर चढली.

बुधवार, २५ ऑक्टोबर

दुपार. शारदाला आतल्या खोलीत घातलं, कडी लावली. मी ओट्यावर आडवी झाले. त्यांच्यापुढं. मीही काटीकरांचीच आहे, लग्न होऊन आलेली, वयानं थोरली, माझा नंबर आधी. न्या मला.

काळ्यानं माझा गळा हुंगला. कबऱ्यानं कपाळ. श्वास गार होता. मग मला ओलांडून दोघं दाराकडं तोंड करून बसली.

माझं श्राद्ध झालेलं आहे. नवमीला. पिंड ठेवून. त्यांच्या लेखी मी आधीच गेलेली — माझ्यात घेण्यासारखं काही उरलेलं नाही — त्या बाईनं मेल्यावरही मला हरवलं —

रात्र

धुरपदाबाई आल्या. मागच्या दारानं. पाच दिवसांत पहिल्यांदा बोलल्या.

“माझ्या वटीत घाला तिला. मंग ती त्यांची न्हाय, तुमची बी न्हाय. आमच्या कुळाची. कुत्री कुणाकडं बघतील मंग?”

पाणी सोडून द्यायची. तीनदा म्हणायचं, ही माझी नाही. महिनाभर शिवायचं नाही. आणि तिनं पुन्हा कधी आई म्हणायचं नाही. ती आई म्हणाली आणि मी ओ दिली, की दिलेलं फिरलं, पोर पुन्हा काटीकरांची.

मी त्यांच्या अंगावर धावून गेले. दुसऱ्याची पोर फुकटात हवी म्हणून टपला होतात, असं म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. दार ओढून गेल्या.

नाही देणार. माझी आहे. एवढं सगळं तिच्यासाठी —

तिच्यासाठी की माझ्यासाठी?

गुरुवार, २६ ऑक्टोबर

सकाळी उंबऱ्यावर. दोघं. पंजे आत.

दिली.

तुळशीपाशी. धुरपदाबाईंच्या ओंजळीत पाणी सोडलं. ही माझी नाही. ही माझी नाही. तिसऱ्यांदा मी पोरीकडं बघितलं, उत्तरेश्वर म्हणाला, म्हना बाई, लवकर म्हना. म्हटलं. शारदा माझं लुगडं सोडेना. बोटं एकेक करून मीच सोडवली. मला ‘बाई’ म्हणायचं, शाळेतल्या मुली म्हणतात तसं. तिनं विचारलं, मी काय केलं?

कुत्री उंबऱ्यावरून उठली. अंगणात जाऊन पडली. डोळे मिटले.

जिंकले. म्हणजे —

शुक्रवार, २७ ऑक्टोबर

ती धुरपदाबाईंच्या ओट्यावर. नवा परकर. चिंचोके खेळते. जिवंत. आणखी काय पाहिजे?

सकाळी विहिरीवर मला ‘बाई’ म्हणाली. शहाणी आहे. मी मान हलवली, घागर उचलली. घरी येऊन घागर तशीच —

दुपार होत आली. कुत्री अंगणात, मान पायांवर. मी लिहिते आहे, म्हणजे तिकडं बघायचं नाही. बघितलं की ती बघते.

धुरपदाबाई आत, भाकरी थापण्याचा आवाज. उत्तरेश्वर रानात.

चिंचोका घरंगळला. कुंपणाकडं. ती आणायला —

नको. इकडं नको.

काटा रुतलाय. खाली बसलीय, पाय धरून. रक्त आहे. धुरपदाबाई! ऐकू जात नाही त्यांना —

माझ्याकडं बघतेय. ओठ आवळलेत. तसेच धर, बाळ. तसेच —

कुत्र्यांनी माना उचलल्या

बाई म्हण, शारदा. नुसतं बाई. मी येते, काढते काटा, आधी बाई म्हण, बाई म्ह